कमचीला हात नाही

४ जून

आज तीन फेऱ्या झाल्या. दोन रशियन बाया आणि अल्माटीहून आलेला एक जाडा गृहस्थ. तो सरोवर दिसल्याबरोबर डोळे मिटून बसला, ते खाली उतरल्यावरच उघडले, आणि वर मलाच म्हणाला, "फार सुंदर होतं हो."

तिघांकडूनही गेनाचा पाठ म्हणवून घेतला. गेना म्हणजे आमच्या धावपट्टीचा मालक, माझा गुरू, तोंडाचा फटकळ. माणूस सीटवर बसला की पट्टा आवळायच्या आधी त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं, हा त्याचा नियम: "कमचीला हात नाही. पेडलला पाय नाही. हात मांडीवर." दोन माणसांचं एवढंसं विमान, दोघांच्याही गुडघ्यांमध्ये एकेक दांडा, एक हलला की दुसरा हलतो. त्या दांड्याला मैदानावर सगळे कमचीच, म्हणजे घोड्याचा चाबूकच, म्हणतात. नाव कुणी पाडलं कोण जाणे. घोडेवाल्यांच्या मुलखात दुसरं काय सुचणार.

मैदानावर मी हा शब्द बिनधास्त बोलते. घराच्या फाटकातून आत शिरलं की जीभ आपोआप वळते, कारण माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे अतांचं, नाव कमचीबेक. सुनेनं सासरच्या थोरांचं नाव घ्यायचं नाही आणि नावासारखा शब्दही घ्यायचा नाही. म्हणून लग्न झाल्यापासून घरात घोड्याच्या कमचीला मी 'हाकणी' म्हणते. चुलतसासूच्या नावात सफरचंद आहे, तर सफरचंदाला 'गोड गोळा'. माझा नवरा तालाय सुरुवातीला हसून लोळायचा. आता तोही म्हणतो, "अतांची हाकणी कुठंय?"

९ जून

चहा ओतत होते. अता म्हणाले, "पोरी, त्या रशियनांना वर नेतेस. माझा नंबर कधी?"

आपा, म्हणजे सासूबाई, पीठ मळता मळता म्हणाल्या, "या वयात वर जायची घाई कशाला? बोलावणं येईलच की."

अता हसले, पण नजर माझ्यावरच. गुडघा गेल्यापासून त्यांना घोड्यावर बसून वरच्या कुरणात जाता येत नाही. जन्म त्या जायलूवर गेला त्यांचा. म्हणाले, "माझी जागा एकदा वरून तरी बघू दे."

या माणसाला नाही कशी म्हणू? मी विमान शिकायचं काढलं तेव्हा सगळं सासर एका बाजूला आणि हे एकटे एका बाजूला. भावकीच्या बैठकीत म्हणाले होते, "माझी आजी घोड्यावर बाळंत झाली. सून उडाली तर काय बिघडलं?" परवा नेईन म्हटलंय. ते आत्तापासून टोपी झटकतायत.

१७ जून

डाव्या हातानं लिहितेय. विमान पडलं. अता जिवंत आहेत. मीही आहे.

२० जून

उजव्या खांद्याचं हाड मोडलंय. अतांचं मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं, काराकोलच्या इस्पितळात आत सळ्या घातल्या. पुन्हा चालतील का विचारलं तर डॉक्टर म्हणाला, "आधी बसू तर द्या." घोड्याचं मी विचारलंच नाही.

झालं ते असं. वर सगळं छान होतं. अतांनी जायलू पाहिली, आपला तंबू कुठं असायचा ते बोट करून दाखवलं, "तो माझ्या वडलांचा ओढा," म्हणाले. परत येताना सरोवरावरून पश्चिमेचा उलान वारा सुटला होता. उतरताना, पट्टी अगदी समोर आलेली, विमान एकदम खाली बसलं. असं होतं. दांडा जरा पुढे ढकलायचा, वेग धरायचा. पण अतांनी डाव्या हातानं त्यांचा दांडा धरला आणि मागे ओढला. घोडा अडखळला की लगाम ओढतात तसा. मी ओरडले. त्यांनी दोन्ही हातांनी धरला. उभा जन्म घोडी आवरलेले हात ते. मी पुढे ढकलत होते आणि ते मागे ओढत होते. नाक वर गेलं, पंख हलले, आणि आम्ही दगडासारखे पट्टीअलीकडच्या बटाट्याच्या शेतात.

प्रवाशानं दांडा धरला, अपघात झाला. खोटं काहीच नाही यात.

२१ जून

काल लिहिलेलं वाचलं. खोटं नाही, पण एक राहिलं.

पाठ मी त्यांच्याकडून म्हणवून घेतला नव्हता.

पट्टा मी त्यांच्या अंगावरून हात न नेता, बाहेरून, दारातून आवळला. मग माझ्या जागी बसले आणि तोंड उघडलं. पाठाचा पहिला शब्दच त्यांचं नाव. "हात मांडीवर ठेवा" एवढं तरी म्हणायचं, तर तेही थोरल्या माणसाला शाळेतल्या पोरासारखं. मी काय म्हटलं? म्हटलं, "अता, आरामात बसा."

लाज वाटते लिहायला. रशियन बायांना दरडावते आणि घरच्या माणसाला आरामात बसा.

२४ जून

चौकशी आयोगाचा माणूस राजधानीहून आला. तरुण, नम्र, बूट फार स्वच्छ. माझ्या खाटेशी स्टूल ओढून बसला. "प्रवाशाला नियंत्रणांविषयी सूचना दिली होती ना?"

मी मान हलवली. तोंडानं हो म्हटलं नाही, मान हलवली. तेवढ्यानं त्याचं काम भागलं. आता मी स्वतःशी वाद घालतेय की मान हलवणं म्हणजे खोटं बोलणं की नाही. बुरुल, किती खाली जाशील.

मग तो अतांकडे गेला. तालाय तिथं होता, त्यानं संध्याकाळी सांगितलं. अता म्हणाले, "सांगितलं होतं पोरीनं. दोनदा सांगितलं. म्हातारा माणूस, विसरलो."

दोनदा. गुंगीच्या औषधानं त्यांच्या डोक्यात गोंधळ झाला असणार. बिचाऱ्यांना खरंच वाटत असेल मी सांगितलं म्हणून.

२८ जून

आज त्यांच्या खोलीत गेले. आपा बाहेर गेल्याबरोबर अता म्हणाले, "पोरी, माझी हाकणी मिळाली का?"

म्हटलं, शोधते. माणूस सळ्या घालून पडलाय आणि याला चाबकाची काळजी. सोबत घेऊन बसले होते ते मी पाहिलं होतं, उजव्या मनगटाला अडकवलेली. ती खाली ठेवा म्हणायचंही मला जमलं नव्हतं. घोडेवाल्याच्या हातातून ती काढून घेणं म्हणजे त्याची टोपी उतरवणंच.

मग म्हणाले, "पडायच्या वेळी तू काय ओरडलीस?"

"काही नाही अता. भीतीनं ओरडले नुसती."

"काही म्हणाली असशील."

"आठवत नाही."

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. चिडलेत माझ्यावर. चिडणारच.

३ जुलै

घरी आलो. अतांची खाट चुलीच्या खोलीत, खिडकीपाशी टाकलीय. आज पुन्हा विचारलं, "तू काय म्हणालीस ग तेव्हा?" आणि पुन्हा मी आठवत नाही म्हटलं. जेवले नाहीत. आपा मला स्वयंपाकघरात म्हणाल्या, "हे ग काय चाललंय तुम्हा दोघांचं? म्हातारा झोपेत 'ऐकलं, ऐकलं' असं बडबडतो."

गावात तर मजाच झालीय. दुकानात दोघं जण मला बघून गप्प झाले आणि मी बाहेर पडताच हसले. "कमचीबेकनं आभाळाचा लगाम ओढला." पोरंसुद्धा म्हणतायत. चूक त्यांची नाही, असं ओरडून सांगावंसं वाटलं. पिशवीत मीठ घेतलं आणि घरी आले.

११ जुलै

गेना आला. बटाट्याच्या शेतातून विमान उचलून शेडमध्ये नेलंय त्यानं. पुढचं चाक तुटलं, पंखा गेला, बाकी दुरुस्त होईल म्हणतो. मग पिशवीतून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्यापुढे ठेवलं. अतांची हाकणी. मुठीला चीर गेलेली.

"उजव्या सीटच्या पेडलपाशी पडली होती," गेना म्हणाला. "वादी तुटलेली नाही. म्हणजे मनगटातून निसटली नाही, काढून टाकलीय. पडणारा माणूस मिळेल ते घट्ट धरतो ग. यानं टाकली कशाला?"

मी हाकणीकडे बघत बसले. आणि मला आठवलं. खरं तर आठवत होतंच.

मला ओरडायचं होतं "कमची सोडा". शेकडो वेळा म्हटलेले शब्द, जिभेवरच होते. पण समोर अता. जीभ त्या शब्दाशी गेली, तिथं त्यांचं नाव दिसलं, आणि रोज वळते तशी वळली. मी ओरडले, "हाकणी सोडा, अता, हाकणी सोडा."

त्यांनी माझ्याकडे बघितलंही होतं. मनगटातून वादी काढली आणि हाकणी सोडली. मग रिकामा झालेला तो हातही दांड्यावर ठेवला.

गेनाला सांगितलं. तो आधी हसला, मोठ्यानं, त्याचा स्वभावच तसा. मग हसू गेलं. "त्यांना काय माहीत आपण दांड्याला काय म्हणतो ते," म्हणाला. "तुझ्या शब्दाप्रमाणे वागला ग म्हातारा. सुईच्या टोकाइतकाही चुकला नाही." मग म्हणाला, "आणि पाठ? पाठ म्हणवून घेतला होतास?"

मी खाली बघितलं.

"बुरुल, जमिनीवर असेल तो तुझा सासरा. पट्टा बांधला की तो वजन आहे, दोन हात आहे, दोन पाय आहे. हे मी तुला पहिल्या आठवड्यात सांगितलं नव्हतं?"

सांगितलं होतं. तो चहा न घेता गेला. आमच्या घरातून कुणी चहा न घेता जात नाही.

१२ जुलै

तालायला सगळं सांगितलं. त्यानं बराच वेळ डोकं खाजवलं. शाळेत भूगोल शिकवतो, प्रत्येक गोष्टीचा नकाशा काढल्याशिवाय बोलत नाही. शेवटी म्हणाला, "आता गप्प बस. अतांनी साहेबासमोर सांगितलंय दोनदा सांगितलं म्हणून. तू उलटं बोललीस की म्हातारा खोटा पडला."

"आणि मी नाही बोलले तर अता मूर्ख ठरले."

"मूर्ख परवडला. चार दिवस हसतील. खोटारडा म्हटलं तर माझ्या बापाला जेवण जायचं नाही."

रागानं त्याला म्हटलं, "तुला माझा परवाना जाईल याची काळजी आहे, बापाची नाही." त्याचा चेहरा उतरला. त्याच्या मनात ते नसेलही. परवान्याची काळजी कुणाला आहे ते मला माहीत आहे. गप्प राहिले की पुढच्या महिन्यात उडता येईल, हे तालायनं नाही मोजलं, मी मोजलं.

१९ जुलै

हाकणी अजून दिली नाही. माझ्या कपाटात आहे, कपड्यांखाली. दिली तर पुन्हा विचारतील तू काय म्हणालीस.

आज अतांना धरून उभं केलं. एका बाजूनं तालाय, दुसऱ्या बाजूनं माझा बरा हात. घामानं निथळले. खिडकीबाहेर त्यांचा करडा घोडा बांधलेला, त्याच्याकडे बघत म्हणाले, "याला सांगा, मी आता कुणाचं ऐकत नाही असा माणूस झालोय." तालाय हसला. मला तो मलाच मारलेला टोमणा वाटला. किती टोचून बोलतात.

२ ऑगस्ट

परवा जीव वाचल्याचं मेंढरू कापायचं आहे. आपांनी थोरल्यांना आवतणं धाडली. सकाळपासून पिठाचे बोरसोक तळतेय. आयोगाचं पत्र अजून नाही. गेना म्हणतो तुझ्याच बाजूनं येईल, प्रवाशाचा दोष म्हणून. असं म्हणताना माझ्याकडे बघत नाही.

५ ऑगस्ट

काल काय झालं ते मी विसरणार नाही, तरी लिहिते.

थोरले सगळे जमले होते. अतांना मानाच्या जागी उशांवर टेकवलं होतं. मी दाराशी समोवारजवळ, चहा ओतायला. सुनेची जागा ती. मांस वाटून झालं, घोडीच्या दुधाचा कुमिस झाला, आणि शेजारचे अकमत सुरू झाले. अतांचे लहानपणचे सोबती, त्यांना सगळं माफ.

"मी म्हणतो," अकमत म्हणाले, "लगाम ओढल्यावर घोडासुद्धा थांबतो. तुझं विमान बसलंच की रे."

सगळे हसले. अताही हसले.

"सुनेनं दोनदा सांगितलं म्हणे. आम्हाला वाटायचं हा बायकोचंच ऐकत नाही. हा तर आभाळात सुनेचंही ऐकत नाही."

पुन्हा हसू. मी अतांकडे बघितलं. ते हसत होते, पण कान लालभडक झाले होते. म्हणाले, "खरंय. पोरीनं सांगितलं आणि मी ऐकलं नाही. माझीच चूक. त्या पोरीला कुणी काही म्हणू नका." आणि मग हळूच, कुणाला उद्देशून नाही असं, "मला वाटत होतं मी ऐकलं."

तेव्हा मला समजलं. इतके आठवडे हा माणूस मला जाब विचारत नव्हता. त्यांना फक्त एवढंच कळायला हवं होतं की आपण सुनेचं ऐकलं होतं की नाही. आणि मी रोज 'आठवत नाही' म्हणून त्यांना भिंतीकडे वळवत होते.

हातातला पियाला खाली ठेवला. आत गेले, कपड्यांखालून हाकणी काढली, आणि बैठकीत आले. थोरल्यांसमोर उभी राहिले. सुनेनं असं मध्ये उभं राहायचं नसतं. आपा म्हणाल्या, "बुरुल, चहा."

म्हटलं, "अतांनी ऐकलं होतं. मी म्हटलं हाकणी सोडा, त्यांनी ही सोडली. विमानाच्या दांड्याला आम्ही दुसरं म्हणतो. ते मला म्हणायला पाहिजे होतं. मी म्हटलं नाही. बसताना सांगायचं असतं तेही मी सांगितलं नव्हतं, दोनदा नाही, एकदाही नाही."

अकमतना काही कळेना. "दुसरं म्हणजे काय म्हणता दांड्याला?"

सगळे माझ्याकडे बघत होते. अता मात्र त्या हाकणीकडे.

"कमची," मी म्हटलं. सासऱ्यांच्या तोंडावर, मानाच्या जागेसमोर, सगळ्या भावकीत.

आपांनी ओढणी तोंडाशी धरली. एक म्हातारा खाकरला. मला वाटलं जमीन आत घेईल तर बरं. अतांनी हात पुढे केला, मी हाकणी त्यांच्या हातात दिली. त्यांनी चिरेवरून अंगठा फिरवला.

"म्हणजे मी ऐकलं होतं," ते म्हणाले.

"हो अता."

"अकमत, ऐकलंस? मी ऐकलं होतं." आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, हसतानाच. अकमतनी दुवा मागितली, सगळ्यांनी तळवे तोंडावरून फिरवले, ओमिन म्हटलं.

पाहुणे गेल्यावर आपा भांडी घासताना एकच वाक्य बोलल्या. "म्हणायचंच होतं तर तेव्हा म्हणायचंस." त्यांचं बरोबर आहे.

९ ऑगस्ट

आयोगाला सगळं लिहून पाठवलं. अतांनीही तालायकडून दोन ओळी लिहवून घेतल्या: 'मी खोटं बोललो. सुनेला वाचवायला बोललो. माझं वय झालंय, शिक्षा लवकर द्या.' तालायनं शेवटचं वाक्य गाळायचं म्हटलं, तर सही करायला तयार नाहीत.

म्हणजे गुंगी वगैरे काही नव्हतं. मी बसताना काही सांगितलं नव्हतं हे त्यांना खाटेवर पडल्या पडल्याही ठाऊक होतं. मला 'बिचारे' वाटले होते.

२६ सप्टेंबर

परवाना पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बंद. नंतर पुन्हा परीक्षा. गेना म्हणाला, "स्वस्तात सुटलीस." नंतर घरी येऊन चहा प्यायला, तीन पियाले, वर तळलेली कट्टमा पोळीही मागितली. अता आता काठी घेऊन अंगणात फिरतात. घोड्यापर्यंत जातात, त्याची मान खाजवतात आणि परत येतात. डॉक्टरानं घोडा कायमचा बंद केलाय. त्यावर काही म्हणायला तोंड कुठंय मला.

१४ ऑक्टोबर

अतांनी हट्टच धरला, शेडमध्ये जायचं. विमान उभं होतं, नवं चाक लावलेलं, पंखा अजून नाही. म्हणाले, "बसव मला."

"अता, ते उडत नाही अजून. मलाही उडवायची परवानगी नाही."

"उडव कोण म्हणतंय? बसव."

गेना आणि तालायनं दोन्ही बाजूंनी धरून त्यांना आत सरकवलं. मी पट्टा आवळला. या वेळी त्यांच्या अंगावरून हात नेऊन आवळला. मग माझ्या जागी जाऊन बसले. समोर शेडची भिंत, तिच्यावर गेनाचे जुने टायर. आपा दारात उभ्या होत्या.

अतांनी हाकणी मनगटातून काढली आणि तालायकडे दिली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हं. रशियनांना म्हणतेस ते म्हण."

मी म्हटलं. तोंडातल्या तोंडात, पण म्हटलं.

त्यांनी कानाला हात लावला. "ऐकू आलं नाही पोरी. वर तर इंजिन चालू असतं."

मी दाराकडे बघितलं. आपांनी तोंड बाहेर फिरवलं होतं, पण जागेवरून हलल्या नव्हत्या.

"कमचीला हात नाही," मी म्हटलं, शेड घुमेल एवढ्यानं.

अतांनी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. "कमचीला हात नाही," ते म्हणाले. "पुढचं सांग."